यूकेत नर्सिंग होम आणि कम्युनिटीत करिअर कसं करायचं: महाराष्ट्रातल्या नर्सेससाठी

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "ताई, एनएचएसची ऑफर नाही आली, नर्सिंग होमची आलीय, घेऊ का?" (एनएचएस म्हणजे यूकेची सरकारी आरोग्यसेवा, आणि इथलं नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नाही, तर म्हाताऱ्या, आजारी माणसांची राहायची जागा, जिथे नर्स असते.) आणि विचारणारीला आधीच कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं की तिथे गेलीस की स्किल संपले, म्हाताऱ्यांचे डायपर बदलत बसशील. माझं मत अगदी उलटं आहे. वॉर्डात पेशंटचं बीपी पडलं तर डॉक्टरला कॉल, पाच मिनिटांत कोणीतरी येतं, ऑर्डर लिहितं, आपण ऑर्डर कॅरी आउट करतो. नर्सिंग होममध्ये रात्री दोन वाजता बिल्डिंगमध्ये डॉक्टर नसतो, तीस-चाळीस रेसिडेंट, म्हणजे तिथे राहणारी माणसं, असतात, काही केअरर, म्हणजे नर्स नसलेले मदतनीस, असतात आणि रजिस्टर्ड नर्स बऱ्याचदा एकच, ती म्हणजे तुम्ही. ॲम्ब्युलन्स बोलवायची, फोनवर सल्ला घ्यायचा की सकाळपर्यंत थांबायचं हे तुम्ही ठरवायचं आणि का ठरवलं ते लिहून ठेवायचं. स्किल मरत नाहीत हो, फक्त ऑर्डरची वाट बघायची सवय मरते, आणि कम्युनिटीत, म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन करायच्या नर्सिंगमध्ये, जायचं असेल तर नेमकी तीच मेलेली बरी.

हे सगळं जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांसाठी आहे, एएनएमवर इथे रजिस्टर्ड नर्स होता येत नाही.

आधी पिन, मग बाकीचं

इथे नर्स म्हणून काम करायचं तर एनएमसीचं, म्हणजे नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं, त्या नंबरला सगळे पिन म्हणतात. टप्पे असे: इंग्रजीची परीक्षा, मग एनएमसीच्या साइटवर अर्ज आणि कागद, सीबीटी म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा, मग यूकेत येऊन ऑस्की म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा. आयईएल्टीएस अकॅडमिक असेल तर रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५. ओईटी, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्यांची इंग्रजी परीक्षा, असेल तर तिघांत बी आणि रायटिंगला सी प्लस. आपल्याकडच्या बहुतेक जणी ओईटीला सुटतात कारण त्यात पेशंटचं रेफरल लेटर लिहायचं असतं, ते आपल्याला जमतं, आयईएल्टीएससारखं "झूमध्ये प्राणी ठेवावेत का" यावर निबंध पाडायचा नसतो.

सीबीटी भारतातच देता येते. पार्ट ए मध्ये औषधांची गणितं, १५ प्रश्न ३० मिनिटं, आणि पार्ट बी मध्ये १०० प्रश्न अडीच तास. गणितं सोपी वाटतात म्हणून लोक सोडून देतात आणि तिथेच अडकतात. कागदांमध्ये वेळ खातो तो महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं व्हेरिफिकेशन, ते कौन्सिलकडून थेट एनएमसीला जावं लागतं, तुमच्या हातून गेलेलं चालत नाही, म्हणून ते सगळ्यात आधी सुरू करा, इंग्रजीचा निकाल यायची वाट बघू नका. आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर पासपोर्ट, डिग्री, कौन्सिल तिन्हीकडची नावं जुळतात का ते आत्ताच बघा, वडिलांचं नाव मध्ये आहे की नवऱ्याचं यावरून महिनेच्या महिने गेलेले मी पाहिलेत.

खर्च: अर्जाला १४० पौंड, सीबीटीला ८३, ऑस्कीला ७९४ आणि शेवटी रजिस्ट्रेशनला १५३. मी पैसे भरताना हेच दर होते, तुम्ही भरायच्या दिवशी साइटवर बघून घ्या. चांगला एम्प्लॉयर ऑस्कीची फी देतो, ट्रेनिंग देतो, आणि काही जण सीबीटी-इंग्रजीचे पैसेही परत करतात. ऑस्कीत दहा स्टेशन असतात, त्यातली चार असेसमेंट-प्लॅनिंग-इम्प्लिमेंटेशन-इव्हॅल्युएशनची एकाच पेशंटभोवती फिरतात, चार क्लिनिकल स्किलची आणि दोन नुसती लिहायची. आपण नापास होतो ते स्किल येत नाही म्हणून नाही, तर हात धुणं, नाव-जन्मतारीख विचारणं, "आता मी असं असं करते, चालेल ना?" हे मोठ्याने बोलणं विसरतो म्हणून. पंधरा वर्षं कॅथेटर टाकणारी सीनियर सिस्टर तोंड बंद ठेवून सुंदर काम करते आणि फेल होते. एक्झामिनरला तुमच्या मनातलं दिसत नाही, बडबडत राहा.

कामाला लागल्यापासून साधारण तीन महिन्यांच्या आत ऑस्कीचा पहिला अटेम्प्ट द्यावा लागतो आणि आठ महिन्यांच्या आत पास व्हावं लागतं. तोपर्यंत पगार कमी असतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच महिन्यात "पैसे कधी पाठवतेस" सुरू होतं.

एजंट म्हणतो "आधी केअरर म्हणून जा"

हे वेगळं लिहितेय कारण अजूनही सांगली, नगर, नांदेडकडच्या मुलींना हे सांगून लाखो रुपये घेतले जातायत. केअर वर्करसाठी परदेशातून नवीन व्हिसा यूकेने २२ जुलै २०२५ पासून बंद केलाय. नर्सचा मार्ग चालू आहे पण तो नर्स म्हणूनच, हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावर. दुसरं म्हणजे इथल्या सरकारचा रिक्रूटमेंटचा जो कोड ऑफ प्रॅक्टिस आहे त्यानुसार नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायचेच नाहीत. जो मागतो तो तिथेच बाद, तुमच्या मावशीच्या ओळखीचा असला तरी. कोड पाळणाऱ्या एजन्सीजची यादी एनएचएस एम्प्लॉयर्सच्या साइटवर आहे, ती बघा, आणि व्हिसा स्पॉन्सर करायचं लायसन्स असलेल्या एम्प्लॉयरची यादी सरकारच्या साइटवर आहे, कंपनीचं नाव त्यात अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे.

ऑफर आली की तपासा काय काय

पहिलं, होम "नर्सिंग" आहे की "रेसिडेन्शियल". बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, तीच बाग, तीच फुलांची कुंडी दारात, पण रेसिडेन्शियल होममध्ये नर्स नसते, तिथे ड्रेसिंग-इन्सुलिनला बाहेरून डिस्ट्रिक्ट नर्स, म्हणजे घरोघर जाणारी कम्युनिटीची नर्स, येते. रजिस्टर्ड नर्सची पोस्ट असायची तर नर्सिंग होम हवं.

दुसरं, इंग्लंडमधलं होम असेल तर सीक्यूसीचा रिपोर्ट वाचा. केअर क्वालिटी कमिशन प्रत्येक होमला आउटस्टँडिंग, गुड, रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट किंवा इनॅडिक्वेट असा शेरा देतं आणि सगळा रिपोर्ट ऑनलाइन फुकट असतो. नुसता शेरा नका बघू. "सेफ" आणि "वेल-लेड" हे दोन भाग नीट वाचा, औषधांच्या चुका, स्टाफ कमी, मॅनेजर सारखी बदलतेय असं काही असेल तर तुमच्या नवीन पिनला तिथे धोका आहे, कारण चूक सिस्टिमची असली तरी सही तुमची असते. स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये इन्स्पेक्शन करणाऱ्या संस्था वेगळ्या आहेत, तिथलेही रिपोर्ट मिळतात.

तिसरं, इंटरव्ह्यूत तुम्ही पण प्रश्न विचारा, इथे ते उद्धट समजत नाहीत. दिवसा किती नर्स, रात्री किती, किती रेसिडेंटमागे? पिन मिळाल्यावर किती दिवस दुसऱ्या नर्सबरोबर ठेवणार? क्लिनिकल लीड आहे का? आजारपणात पूर्ण पगार की फक्त कायद्याने मिळतो तेवढा? हा शेवटचा मुद्दा मोठा आहे, खूप प्रायव्हेट होममध्ये सिक पे नावाला असतो आणि पेन्शन एनएचएसच्या तोडीची नसते, त्यामुळे ताशी दर थोडा जास्त दिसला तरी एकूण हिशोब करा. तुलनेसाठी, इंग्लंडच्या एनएचएसमध्ये २०२५-२६ ला बँड ५, म्हणजे सुरुवातीच्या श्रेणीतल्या, नर्सचा पगार वर्षाला ३१,०४९ पौंडांपासून ३७,७९६ पर्यंत होता. लाखांत गुणून हुरळून जाऊ नका, घरभाडं पण पौंडातच द्यायचंय.

चौथं, कॉन्ट्रॅक्टमधला रिपेमेंट क्लॉज. मध्येच नोकरी सोडली तर किती पैसे परत द्यायचे हे त्यात असतं. ती रक्कम खऱ्या खर्चाएवढीच असावी, जसजसे महिने जातात तशी कमी होत जावी, आणि सही करायच्या आधी आकड्यात लिहून दिलेली असावी. "नंतर सांगू" म्हणाले तर सही करू नका.

होममधलं काम खरं कसं असतं

बारा तासांची शिफ्ट, बहुतेक ठिकाणी आठ ते आठ. हँडओव्हर झालं की औषधांचा राउंड, आणि सकाळचा राउंड म्हणजे अर्धा दिवस. प्रत्येकाचा मार चार्ट, म्हणजे कुठलं औषध कधी दिलं त्याची नोंद, कोणाला गोळी क्रश करून चालते कोणाला नाही, कोणाला घट्ट केलेलं पाणी. पार्किन्सन्सच्या गोळीची वेळ मात्र राउंडच्या सोयीने सरकवायची नाही, आठची आठला, उशीर झाला की तो माणूस खुर्चीत गोठतो आणि घास गिळता येत नाही. मॉर्फिनसारखी कंट्रोल्ड ड्रग्ज दोघांनी मोजायची, दोघांनी सही करायची. राउंड चालू असताना कोणी काही विचारलं तर "थांबा" म्हणायला शिका, आपल्याला ते जड जातं पण औषधाच्या चुका मध्ये मध्ये बोलण्यानेच होतात.

शुगर इथे मिलिमोलमध्ये मोजतात. आपल्या सवयीच्या आकड्यात आणायची तर १८ ने गुणा. ४ च्या खाली म्हणजे हायपो, म्हणजे आपल्या हिशोबाने ७२ च्या खाली. पहिले काही आठवडे "९ शुगर" ऐकून धस्स होतं, होऊ दे, ते जवळजवळ १६० असतं.

आता निर्णयाचं. डिमेन्शिया असलेली ८८ वर्षांची बाई सांगत नाही की मला युरिन इन्फेक्शन झालंय. ती आज नाश्त्याला नको म्हणते, रोज गाणं म्हणते ते म्हणत नाही, किंवा शांत असणारी अचानक हात उगारते. केअरर येऊन म्हणते "शी इज नॉट हरसेल्फ टुडे". हे वाक्य तापाच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं धरा, कारण रोज आंघोळ घालणारी केअरर तिला तुमच्यापेक्षा जास्त ओळखते. लगेच ऑब्झर्व्हेशन घ्या, न्यूज टू, म्हणजे बीपी, नाडी, श्वास वगैरेवरून तब्येत किती ढासळतेय ते दाखवणारा स्कोअर, काढा, आणि तिच्या नेहमीच्या स्कोअरशी ताडून बघा, कारण सीओपीडी म्हणजे फुप्फुसाचा जुनाट आजार असलेल्याचं ऑक्सिजन सॅच्युरेशन ८८ ते ९२ हेच त्याचं टार्गेट असू शकतं आणि तुम्ही उगाच घाबरून ॲम्ब्युलन्स बोलवाल. एकूण स्कोअर ५ किंवा वर गेला तर तातडीने डॉक्टरला, ७ किंवा वर तर इमर्जन्सी. केअर होमसाठी रिस्टोअर टू नावाचं टूल आहे ते बरोब्बर याच कामासाठी बनवलंय, "सॉफ्ट साइन्स"पासून, म्हणजे वागण्यातल्या अशा छोट्या बदलांपासून, सुरू होतं, ते शिकून घ्या.

फोन करताना एसबार, म्हणजे सांगायचा ठरलेला क्रम: कोण, काय परिस्थिती, मागचा इतिहास, माझं असेसमेंट, मला काय हवंय. शेवटचंच आपण गाळतो. "डॉक्टर, पेशंट बरा नाहीये" असं म्हणून गप्प बसतो आणि वाट बघतो. त्यापेक्षा "मला आज दुपारपर्यंत तुम्ही प्रत्यक्ष येऊन बघायला हवं" असं सांगा, इथे नर्सकडून तेच अपेक्षित असतं. इंग्लंडमध्ये होमला जोडलेल्या जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, प्रॅक्टिसकडून आठवड्यातून एक राउंड असतो, जे थांबू शकतं ते त्या राउंडच्या यादीत टाका, जे थांबू शकत नाही ते यादीत टाकून मोकळं होऊ नका.

कोणी पडलं तर आधी उचलायची घाई नाही, हे केअररना पण सांगून ठेवा. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर हिप गेलाय समजा, हलवू नका, ९९९. डोक्याला लागलंय आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तर माणूस हसत चहा मागत असला तरी "सकाळी बघू" चालणार नाही.

कायदा, आणि आपल्या सवयी

इथे आपल्याकडच्या चांगल्या चांगल्या नर्सेस गोत्यात येतात, म्हणून जरा थांबून वाचा. आजोबा गोळी थुंकतात, मग आपण काय करतो, केळ्यात घालून देतो. घरी सगळेच करतात. इथे ते केलं तर तो सेफगार्डिंगचा, म्हणजे दुर्बळ माणसाशी गैरवागणूक झाल्याच्या चौकशीचा, विषय होऊ शकतो. लपवून औषध द्यायचं तर आधी त्या माणसाला त्या निर्णयाची कपॅसिटी, म्हणजे समजून घेऊन ठरवायची क्षमता, आहे का ते तपासायचं, नसेल तर डॉक्टर, फार्मासिस्ट, घरचे यांच्याशी बोलून त्याच्या हिताचं काय ते ठरवायचं, लेखी, आणि कुठलं औषध कशात द्यायचं ते फार्मासिस्टने सांगायचं. आणि कपॅसिटी असेल तर? तर तो नाही म्हणू शकतो, तुम्हाला पटो न पटो. २००५ चा मेंटल कपॅसिटी ॲक्ट हा इंग्लंड आणि वेल्समध्ये काम करणाऱ्याने फार्माकॉलॉजीइतका पाठ करावा असं माझं ठाम मत आहे.

दुसरी सवय म्हणजे मुलाला विचारणं. आपल्याकडे थोरला मुलगा सही करतो आणि विषय संपतो. इथे मुलगा म्हणून त्याला आईच्या उपचाराचा निर्णय घ्यायचा अधिकार आपोआप नसतो, हेल्थ अँड वेल्फेअरची लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी, म्हणजे आईने आधीच लिहून दिलेला अधिकार, असेल तरच, आणि ती पण आईची कपॅसिटी गेल्यावरच लागू होते. त्याचं ऐका, त्याला सामील करून घ्या, पण आईच्या डोक्यावरून त्याच्याशी बोलू नका. तसंच बेडला कठडे लावणं, दार कुलूपबंद ठेवणं, हे "सेफ्टीसाठी" म्हणून मनाने करायचं नाही, स्वातंत्र्यावर बंधन येत असेल तर लोकल ऑथॉरिटीकडे डॉल्सचा, म्हणजे तशा बंधनाच्या परवानगीचा, अर्ज करावा लागतो.

ऐंशी-नव्वदीच्या माणसाला "मार्गारेट" म्हणून एकेरी हाक मारायला आपली जीभ वळत नाही, पहिल्या दिवशीच विचारा तुम्हाला काय म्हणू, काही जणींना मिसेस आणि आडनावच आवडतं. "डार्लिंग" मात्र नको, सगळे म्हणतात तरी.

शेवटचे दिवस हा या कामाचा सगळ्यात मोठा भाग आहे आणि कोणी तो शिकवून पाठवत नाही. कोणाचा डीएनएसीपीआर, म्हणजे हृदय थांबलं तर सीपीआर करायचा नाही असा लेखी निर्णय, आहे आणि कोणाचा नाही हे शिफ्ट सुरू होतानाच माहीत हवं, फाइल शोधत बसायची ती वेळ नसते. आणि डीएनएसीपीआर म्हणजे फक्त सीपीआर नाही, बाकी अँटिबायोटिक, सलाइन, हॉस्पिटल हे आपोआप बंद होत नाही, ही चूक अनुभवी लोक पण करतात. पेशंट खालावतोय दिसलं की अँटिसिपेटरी औषधं, म्हणजे दुखण्याला, अस्वस्थतेला, उलटीला, घशातल्या घरघरीला लागणारी इंजेक्शनं, शुक्रवारच्या आत लिहून आणून कपाटात ठेवा, शनिवार-रविवारी मिळवताना दम निघतो. सिरिंज ड्रायव्हर, म्हणजे त्वचेखाली सतत थोडं थोडं औषध देणारा पंप, त्याचं ट्रेनिंग पहिल्या संधीला घ्या, कम्युनिटीत जायचं तिकीट आहे ते. ज्यांना निघण्याआधीच या कामाची चव बघायचीय त्यांनी पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, १९९७ पासून चालतंय, तिथे किंवा टाटा मेमोरियलच्या पॅलिएटिव्ह विभागात ट्रेनिंग, निरीक्षण, काही मिळतंय का विचारा, सीव्हीवर ते आयसीयूच्या वर्षाइतकंच उठून दिसतं.

लिहिणं. भरपूर, तारखेसह, वेळेसह, आणि खरं. "पेशंट कम्फर्टेबल, ऑल केअर गिव्हन" हे वाक्य विसरून जा. डाव्या टाचेवर जखम केवढी, सेंटीमीटरमध्ये, तळ कसा, फोटो काढला का, कोणाला कळवलं, ते काय म्हणाले. काम केअररला सोपवलंत तरी, त्याला ते जमतं का हे बघून सोपवण्याची जबाबदारी एनएमसीच्या कोडनुसार तुमचीच.

कम्युनिटीत कसं जायचं

डिस्ट्रिक्ट नर्सिंगला इथे मोठी परंपरा आहे. १८५९ मध्ये लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्याने त्याच्या आजारी बायकोची सेवा करणाऱ्या मेरी रॉबिन्सन या नर्सलाच गरिबांच्या घरी जाऊन नर्सिंग करायला नेमलं, तिथून हे सुरू झालं. आज क्वीन्स नर्स हा जो मानाचा किताब आहे तो याच घरी जाणाऱ्या नर्सिंगशी जोडलेला. म्हणजे हा काही हॉस्पिटलमध्ये जमलं नाही म्हणून करायचा जॉब नाही.

तयारी नर्सिंग होममध्ये असतानाच करा आणि त्यातली पहिली गोष्ट क्लिनिकल नाहीच, ड्रायव्हिंग लायसन्स. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, त्यानंतर नाही, आणि आपलं लायसन्स थेट बदलूनही मिळत नाही, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावं लागतं. टेस्टच्या तारखा महिनोन् महिने मिळत नाहीत म्हणून पोचल्या पोचल्या प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, लायसन्सला अर्ज करा. ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर ऑटोमॅटिकच चालवता येते हे लक्षात ठेवा, टीमची गाडी मॅन्युअल निघाली की पंचाईत. घरात गाडी नवराच चालवायचा अशा खूप जणींना मी इथे पस्तिशी-चाळिशीत स्टेअरिंग हातात घेताना बघितलंय, जमतं, सगळ्यांना जमतं.

क्लिनिकलमध्ये काय जमवायचं: पुरुषांचं आणि सुप्राप्यूबिक कॅथेटर, ब्लड घेणं, इन्सुलिन, सिरिंज ड्रायव्हर, प्रेशर अल्सरचं स्टेजिंग, आणि पायाच्या अल्सरचं कॉम्प्रेशन बँडेज. शेवटचं आपल्याकडे फारसं केलेलं नसतं. पायाला घट्ट बँडेज बांधायच्या आधी रक्तपुरवठा बघायला डॉपलर करतात, घोटा आणि दंडाच्या प्रेशरचं गुणोत्तर काढतात, साधारण ०.८ ते १.३ असेल तर पूर्ण कॉम्प्रेशन, खाली असेल तर स्वतःच्या मनाने बांधायचं नाही कारण पाय जाऊ शकतो. होममध्ये डिस्ट्रिक्ट नर्स किंवा टिश्यू व्हायबिलिटीवाली, म्हणजे जखमांची स्पेशालिस्ट नर्स, आली की तिच्या मागे मागे फिरा, विचारा, कधी एक दिवस तुमच्याबरोबर येऊ का असं विचारायला लाजू नका, या ओळखीतूनच पोस्ट निघाल्याचं कळतं.

इंटरव्ह्यूत हमखास येणारा प्रश्न: सकाळी चार व्हिजिट आहेत, एक इन्सुलिन, एक ब्लॉक झालेलं कॅथेटर, एका कॅन्सरच्या पेशंटचा सिरिंज ड्रायव्हर अलार्म देतोय आणि एक पायाचं ड्रेसिंग, कुठे आधी जाल? ड्रेसिंग शेवटी हे सगळ्यांना कळतं. मार्क मिळतात ते "मी आधी तिघांना फोन करून नेमकी परिस्थिती विचारीन, टीममध्ये कोण जवळ आहे ते बघून वाटून घेईन, ज्याला उशीर होणार त्याला कळवीन" या उत्तराला. "मी सगळं मॅनेज करीन" म्हणणारी तिथे धोकादायक वाटते. दुसरा प्रश्न, दार वाजवलं, कोणी उघडत नाही. निघून यायचं नाही, फोन, शेजारी, घरचे, ऑफिस, आणि नो ॲक्सेसची जी पॉलिसी असेल ती.

काम लागल्यावर दिवस मोकळा वाटतो, लॅपटॉप, बॅग, गाडी, पेशंटच्या घराबाहेरच्या डबीतली किल्ली. पण घर त्यांचं असतं, तुमचा वॉर्ड नाही. पलंग जमिनीला टेकलेला, कुत्रा ड्रेसिंग पॅकवर बसलेला, पेपरांचे ढीग, हीटिंग बंद कारण बिल परवडत नाही. तिथे बसून ॲसेप्टिक टेक्निक करायचं. ज्यांनी आपल्याकडे सबसेंटरला किंवा पीएचसीला काम केलंय, वाडीवस्तीवर फिरल्यात, त्यांना हे शहरातल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलवालीपेक्षा चटकन जमतं, इंटरव्ह्यूत ते अनुभव दाबून ठेवू नका, पुढे करा. एकटीने फिरायचं असल्यामुळे लोन वर्कर डिव्हाइस, म्हणजे एकटीने काम करणाऱ्यांसाठीचं मदत मागायचं यंत्र, चालू ठेवा, कुठल्या घरात नको वाटलं तर आत जाऊ नका, ऑफिसला सांगा, त्यात कमीपणा काही नाही.

व्हिसावर असाल तर नवीन एम्प्लॉयरकडून नवीन स्पॉन्सरशिप आणि व्हिसाचा अर्ज मंजूर होईपर्यंत जुनी नोकरी सोडू नका. आधी राजीनामा देऊन मोकळ्या झालेल्यांची फार धावपळ होते. कायमच्या वास्तव्यासाठी लागणारी वर्षं वाढवायचा प्रस्ताव सरकारने २०२५ मध्ये मांडला, त्यामुळे "पाच वर्षं झाली की झालं" या जुन्या हिशोबावर घर घ्यायचे निर्णय नकोत.

पुढे काय

दोन फाटे आहेत. होममध्येच राहिलात तर सीनियर नर्स, क्लिनिकल लीड, डेप्युटी मॅनेजर आणि मग रजिस्टर्ड मॅनेजर, ज्यासाठी बहुतेक ठिकाणी लीडरशिपचा लेव्हल ५ डिप्लोमा मागतात आणि सीक्यूसीकडे स्वतःच्या नावाने नोंद होते. पैसा चांगला, पण फोन चोवीस तास तुमचा. मला स्वतःला रोटा (ड्युटीचं वेळापत्रक) आणि बजेटपेक्षा जखमा बऱ्या वाटतात, ज्याची त्याची आवड.

कम्युनिटीत बँड ५ वरून बँड ६, तिथे केसलोड, म्हणजे पेशंटची यादी, तुमचा, मग डिस्ट्रिक्ट नर्सचं स्पेशालिस्ट क्वालिफिकेशन, जे युनिव्हर्सिटीत करतात आणि ट्रस्ट, म्हणजे एनएचएसची स्थानिक संस्था, अनेकदा खर्च करतो, त्यावर बँड ६ किंवा ७. बाजूला टिश्यू व्हायबिलिटी, पॅलिएटिव्ह, डायबेटिस, कम्युनिटी मेट्रन असे रस्ते फुटतात. रजिस्ट्रेशनला किमान एक वर्ष झालं की व्ही ३०० म्हणजे इंडिपेंडंट प्रिस्क्रायबिंगच्या (स्वतः औषधं लिहून देण्याच्या) कोर्सला पात्र होता येतं, पण घाई नको, एका विषयात हात बसल्याशिवाय प्रिस्क्रिप्शन पॅड हातात घेण्यात अर्थ नाही आणि मॅनेजर पण पाठवत नाही. आणि केअर होम सोडून गेलात तरी तो अनुभव वाया जात नाही, एनएचएसच्या केअर होम सपोर्ट टीम असतात, त्यांना होम आतून माहीत असलेली माणसं हवीच असतात.

दर तीन वर्षांनी रिव्हॅलिडेशन, म्हणजे पिनचं नूतनीकरण: ४५० तास काम, ३५ तास शिक्षण त्यातले २० इतरांबरोबर, ५ फीडबॅक, ५ रिफ्लेक्शन, एका नर्सशी चर्चा आणि कन्फर्मरची, म्हणजे हे सगळं तपासणाऱ्याची, सही. पहिल्या दिवसापासून फोनमध्ये एक फोल्डर करा, जे ट्रेनिंग झालं त्याचं सर्टिफिकेट त्यात, कुठल्या रेसिडेंटच्या मुलीने थँक्यू कार्ड लिहिलं तर नाव झाकून त्याचा फोटो त्यात, तो फीडबॅक असतो. रिफ्लेक्शनमध्ये कोणाचंही नाव, होमचा पत्ता, खोली नंबर काही लिहायचं नाही. युनियनची मेंबरशिप पण पिन मिळाल्याच्या महिन्यातच घ्या, आरसीएन घ्या नाहीतर युनिसन, पण घ्या, एनएमसीचं पत्र आल्यावर मेंबर होऊन त्या केसला उपयोग होत नाही.

आणि तिकडचं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लॅप्स होऊ देऊ नका. रिन्युअलची तारीख कॅलेंडरमध्ये टाका, सुट्टीवर गेलात की कागद करून या, नंतर इथे बसून ते काम कोणाकडून करून घेणं म्हणजे सगळ्या नातेवाईकांचे उपकार घ्यावे लागतात.